रॅक सर्व्हरची मेमरी वाढवताना: स्टिक निवडण्यापासून एरर लॉग तपासण्यापर्यंत

सर्व्हरची मेमरी वाढवायची म्हटली की बहुतेकांच्या तोंडी पहिला प्रश्न येतो तो ‘किती जीबी’ हा. पण मशीनचा वेग ठरतो तो ‘कोणत्या स्लॉटमध्ये काय बसवले’ यावर. एकूण ५१२ जीबी दोन सर्व्हरांत सारखीच असली, तरी एकात ती प्रोसेसरच्या सगळ्या चॅनेलांवर (मेमरीकडे जाणाऱ्या वाटांवर) समान वाटलेली असते आणि दुसऱ्यात अर्ध्याच चॅनेलांवर दाटलेली असते. दुसऱ्या मशीनला मेमरीचा निम्माच वेग मिळतो आणि स्क्रीनवर कुठलीही एरर दिसत नाही. म्हणून खरेदीची यादी करण्याआधीच थोडे थांबून मोजणी करायला हवी. झाकण उघडून स्टिक बसवण्याचे काम त्या मानाने सोपे असते.

आधी आहे ते नीट पाहा

सर्व्हर चालू असतानाच त्याची आतली यादी काढता येते. डेलचा आयड्रॅक, एचपीईचा आयएलओ, लेनोवोचा एक्सक्लॅरिटी कंट्रोलर किंवा सुपरमायक्रोचा बीएमसी यांच्या वेबपानावर मेमरीचा भाग उघडा. हे सगळे बोर्डावरचे, सर्व्हर बंद असतानाही चालणारे छोटे नियंत्रक आहेत; पुढे सगळ्यांना बीएमसीच म्हटले आहे. प्रत्येक स्लॉटचे नाव, त्यातल्या स्टिकची क्षमता, प्रकार, रँक, पार्ट नंबर आणि वेग तिथे मिळतो. लिनक्सवर डीएमआय-डिकोड हा प्रोग्रॅम हीच माहिती देतो. त्यात वेगाच्या दोन ओळी असतात: एक स्टिकचा स्वतःचा वेग, दुसरी तो सध्या ज्या वेगाने चालवला जातोय ती. दोन्हींत फरक असेल तर कारण आताच शोधा. पुष्कळदा ते प्रोसेसरच्या मर्यादेत सापडते. इंटेलच्या झिऑन स्केलेबल प्रोसेसरांच्या तिसऱ्या पिढीत वरच्या मॉडेलांना ३२०० (सेकंदाला ३२०० दशलक्ष हस्तांतरणे) मिळतात, पण सिल्व्हर मालिकेतले अनेक प्रोसेसर २६६७ वरच थांबतात. तिथे ३२०० ची स्टिक चालते, पण २६६७ नेच.

मग सर्व्हरचे मॅन्युअल उघडा. त्यातली तीन पाने कामाची असतात: कोणत्या प्रकारच्या स्टिक चालतात, एका स्लॉटची आणि एका प्रोसेसरची कमाल क्षमता किती, आणि स्लॉट भरण्याचा क्रम. कमाल क्षमता फक्त बोर्डावर ठरत नाही. झिऑन स्केलेबलच्या पहिल्या पिढीत साधा प्रोसेसर ७६८ जीबीपर्यंतच मेमरी हाताळतो आणि त्यापुढे जायला नावाच्या शेवटी ‘एम’ असलेला प्रोसेसर लागतो. दुसऱ्या पिढीत साध्या प्रोसेसरची हद्द १ टीबी आहे. बोर्डावर स्लॉट रिकामे दिसतात म्हणून मेमरी मागवून बसलात, तर इथे अडकायला होते.

लेबल वाचायला शिका

सर्व्हर स्टिकच्या स्टिकरवर ‘३२जीबी २आर×४ पीसी४-३२००एए-आरबी२’ अशी ओळ असते. ती उलगडली की अर्धे प्रश्न सुटतात. पहिला आकडा क्षमता. ‘२आर’ म्हणजे दोन रँक, अर्थात प्रोसेसरला एकाच स्टिकवर चिपांचे दोन गट दिसतात. ‘×४’ म्हणजे प्रत्येक चिप ४ बिट रुंद. ‘पीसी४’ म्हणजे डीडीआर४, अर्थात डीडीआर मेमरीची चौथी पिढी. त्यापुढे वेग आणि टायमिंग. नंतरचे अक्षर सर्वांत महत्त्वाचे: ‘आर’ असेल तर आरडीआयएमएम (पत्ते आणि आदेश बफर करणारी), ‘एल’ असेल तर एलआरडीआयएमएम (डेटाही बफर करणारी), ‘ई’ असेल तर ईसीसी (चुका ओळखून दुरुस्त करण्याची सोय) असलेली पण बफर नसलेली यूडीआयएमएम.

या तिन्ही जाती एकमेकांत मिसळत नाहीत. डीडीआर४ मध्ये तिघींची खाच एकाच जागी असते, म्हणजे चुकीची स्टिक स्लॉटमध्ये व्यवस्थित बसते, लॅचही लागतात आणि मशीन मात्र सुरू होत नाही. डीडीआर५ मध्ये हा धोका कमी झाला. तिथे आरडीआयएमएम आणि यूडीआयएमएम यांच्या खाचा वेगळ्या ठेवल्या आहेत, कारण दोघींना मिळणारा वीजपुरवठाच वेगळा आहे: स्टिकवरच्या पॉवर चिपला आरडीआयएमएममध्ये १२ व्होल्ट मिळतात, यूडीआयएमएममध्ये ५. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना असल्या तरी खाच जुळत नाही, त्यामुळे अदलाबदल शक्य नाही. जोर लावून बसवू पाहणाऱ्याचा स्लॉट तुटतो.

×४ आणि ×८ चा फरकही दुर्लक्षिण्यासारखा नाही. ×४ चिपांच्या स्टिकवर एखादी अख्खी चिप निकामी झाली तरी तिची भरपाई करणारी दुरुस्ती प्रोसेसर करू शकतो. ×८ मध्ये ती सोय एक तर नसते किंवा मर्यादित असते. दोन्ही एकत्र बसवायला काही कंपन्या मनाई करतात, काही परवानगी देतात. मॅन्युअलचा शब्द इथे अंतिम मानावा. आमचा सल्ला सरळ आहे: एका सर्व्हरमध्ये एकच क्षमता, एकच रँक, एकच रुंदी, आणि जमले तर एकच पार्ट नंबर.

चॅनेलांचे गणित

प्रोसेसर आणि मेमरी यांच्यातल्या प्रत्येक स्वतंत्र वाटेला चॅनेल म्हणतात. डीडीआर४-३२०० च्या एका चॅनेलवरून सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी वाहतात, डीडीआर५-४८०० वरून ३८.४. झिऑन स्केलेबलच्या पहिल्या दोन पिढ्यांत प्रत्येक प्रोसेसरला ६ चॅनेल होते. २०२१ च्या तिसऱ्या पिढीपासून ते ८ झाले. एएमडी एपिकमध्ये ७००१ ते ७००३ मालिकांत ८ आणि २०२२ मध्ये आलेल्या ९००४ मालिकेत १२ चॅनेल आहेत. म्हणजे स्टिकची संख्या ६, ८ किंवा १२ च्या पटीत हवी, आणि तीही प्रत्येक प्रोसेसरमागे.

एक उदाहरण घेऊ. तिसऱ्या पिढीच्या दोन झिऑनांचा सर्व्हर आहे. प्रत्येक प्रोसेसरला ८ चॅनेल, प्रत्येक चॅनेलला २ स्लॉट, एकूण ३२ स्लॉट. सध्या १६ जीबीच्या ८ स्टिक आहेत, प्रत्येक प्रोसेसरमागे ४. एकूण १२८ जीबी. निम्मे चॅनेल रिकामे आहेत, म्हणजे प्रत्येक प्रोसेसरला २०४.८ ऐवजी १०२.४ जीबी प्रति सेकंद एवढीच कमाल वाट मोकळी आहे.

आता ही मेमरी वाढवायची. पहिला मोह असा की उरलेल्या ८ चॅनेलांवर ३२ जीबीच्या ८ स्टिक टाकाव्यात. जुने वाया जात नाही आणि ३८४ जीबी होतात. पण प्रोसेसर सलग पत्ते सगळ्या चॅनेलांवर आळीपाळीने वाटतो आणि ती वाटणी समान क्षमतेपर्यंतच नीट चालते. त्यामुळे मेमरीचा एक भाग आठही चॅनेलांवर पसरतो आणि उरलेला फक्त चारांवर. कोणता प्रोग्रॅम कुठल्या भागात जाईल हे नशिबावर. काही सर्व्हर अशी मांडणी स्वीकारतच नाहीत. दुसरा मार्ग १६ जीबीच्या आणखी ८ स्टिक आणण्याचा: २५६ जीबी, सगळे चॅनेल समान, वेग दुप्पट. गरज तेवढीच असेल तर हा उत्तम. ५१२ हवे असतील तर ३२ जीबीच्या १६ स्टिक घ्या आणि जुन्या ८ काढून दुसऱ्या मशीनला द्या. १६ जीबीच्याच ३२ स्टिक लावूनही ५१२ होतात, पण मग पुढच्या वाढीला एकही स्लॉट उरत नाही आणि वीजही जास्त जाते.

शिवाय एका चॅनेलवर दोन स्टिक आल्या की काही पिढ्यांत वेग उतरतो. झिऑनच्या चौथ्या पिढीत एक स्टिक असेल तर ४८००, दोन असतील तर ४४००. क्षमता खरोखर हवी असेल तर ही घट सोसण्यासारखी आहे. पण निम्म्या क्षमतेच्या स्टिक दोन-दोन लावून ती ओढवून घेण्यात अर्थ नाही.

३, ५, ७ अशा संख्या प्रोसेसरमागे टाळाच. आणि दोन्ही प्रोसेसरांकडे मांडणी आरशातल्यासारखी सारखी ठेवा. एकाकडे २५६ आणि दुसऱ्याकडे १२८ असेल, तर दुसऱ्या बाजूची कामे शेजारच्या प्रोसेसरची मेमरी मागायला जातात आणि प्रत्येक मागणीला उशीर होतो.

आदल्या दिवशीची कामे

बायोस आणि बीएमसीचे फर्मवेअर जुन्या मेमरीवरच अद्ययावत करून घ्या. जुन्या बायोसला नव्या, जास्त घनतेच्या चिपा ओळखता न येण्याची शक्यता असते. शिवाय फर्मवेअर आणि मेमरी एकाच दिवशी बदलली तर बिघाड कशामुळे झाला हे सांगता येत नाही. विंडोजवर बिटलॉकर (डिस्क कूटबद्ध करणारी सोय) चालू असेल तर रिकव्हरी की हाताशी ठेवा. बायोस बदलल्यावर ती विचारली जाऊ शकते.

सर्व्हर कित्येक महिने बंदच झालेला नसेल, तर मेमरीला हात लावण्याआधी एकदा तो पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. जुनी डिस्क किंवा पॉवर सप्लाय अनेकदा अशा वेळीच मान टाकतो आणि मग त्याचे खापर नव्या स्टिकवर फुटते.

बॅकअप तपासा, म्हणजे एखादी फाइल खरोखर परत आणून पाहा. व्हर्च्युअल मशीन दुसऱ्या होस्टवर (त्या चालवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरवर) हलवा आणि होस्ट मेंटेनन्स मोडमध्ये टाका. मॉनिटरिंगचे इशारे तेवढ्या वेळापुरते थांबवा. बीएमसीतला इव्हेंट लॉग जतन करून रिकामा करा, म्हणजे नंतर दिसणारी प्रत्येक नोंद नवीच असेल.

सोबत काय हवे: मनगटाला बांधायचा अँटिस्टॅटिक पट्टा, स्टिक ठेवायचा अँटिस्टॅटिक ट्रे, विजेरी, २ नंबरचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर (काही सर्व्हरांना टॉर्क्स टी-१५), केबलांना लावायच्या चिठ्ठ्या आणि स्लॉटच्या क्रमाचे पान छापून.

रॅकपाशी

१. बीएमसीतून सर्व्हरचा ओळखदिवा लावा. तो पुढून आणि मागून दोन्हीकडे निळा लुकलुकतो. मागच्या बाजूला सगळे सर्व्हर सारखे दिसतात आणि शेजारच्याची वायर ओढली जाणे ही या कामातली सर्वांत महाग चूक आहे.

२. ऑपरेटिंग सिस्टिममधून रीतसर बंद करा. मग दोन्ही पॉवर सप्लायच्या वायरी काढा. एक जरी राहिली तरी बोर्डावर स्टँडबाय वीज खेळत असते. वायरी काढल्यावर पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरा आणि बोर्डावरचे दिवे विझेपर्यंत, साधारण मिनिटभर, थांबा.

३. मागे केबल धरणारा हात असेल तर सर्व्हर केबलांसकट पुढे येतो. नसेल तर फोटो काढून, चिठ्ठ्या लावून सगळ्या केबला काढा. अडकलेली केबल ओढली गेली की दुसऱ्याच यंत्राची जोडणी सुटते.

४. सर्व्हर रेलवर पुढे ओढा. एका वेळी रॅकमधला एकच. दोन जड सर्व्हर एकदम बाहेर आले तर रॅकचा तोल जाऊ शकतो. डिस्कांनी भरलेला २यू (रॅकच्या दोन घरांएवढ्या उंचीचा) सर्व्हर रेलवरून उतरवायचाच असेल तर दोघे जण लागतात.

५. झाकण काढा, मग प्रोसेसर आणि मेमरीवरचे प्लॅस्टिकचे वाराआवरण सरळ वर उचला. हीटसिंक आणि स्टिक काही वेळ गरम असतात, निवू द्या.

६. पट्टा मनगटाला बांधून त्याची क्लिप चॅसिसच्या रंग नसलेल्या धातूला लावा.

इथे थांबून स्लॉटची नावे वाचा. घाईत होणारी चूक इथेच होते. डेलच्या सर्व्हरांवर ए१, ए२ हे आकडे भरण्याचा क्रम दाखवतात आणि प्रत्येक चॅनेलचा पहिला स्लॉट पांढऱ्या लॅचचा असतो. एचपीईवर आकडा म्हणजे फक्त जागा, क्रमासाठी वेगळा तक्ता पाहावा लागतो. एका कंपनीच्या सवयीने दुसऱ्या कंपनीचा सर्व्हर भरला की मांडणी बिघडलीच. झाकणाच्या आतल्या बाजूला बहुधा आकृती चिकटवलेली असते, तिच्याशी छापलेले पान पडताळा. दुसरा प्रोसेसर बसवलेलाच नसेल तर त्याच्या बाजूचे स्लॉट भरून उपयोग नाही, ते दिसणारच नाहीत.

आणखी एक सावधगिरी. काही सर्व्हरांत ऑप्टेन पर्सिस्टंट मेमरीचे मॉड्यूल मेमरीच्याच स्लॉटमध्ये बसलेले असतात. त्यांच्यावर वीज गेल्यावरही टिकणारा डेटा असू शकतो. लेबल न वाचता ते उपसू नका.

जुनी स्टिक काढताना दोन्ही टोकांचे लॅच एकदम बाहेर दाबा. स्टिक स्वतःच थोडी वर येते. मग ती कडांना धरून सरळ वर काढा, डुलवत नाही. नवी बसवताना लॅच पूर्ण उघडे ठेवा, खाच स्लॉटमधल्या उंचवट्यावर आहे हे नजरेने पाहा, स्टिक दोन्ही बाजूंच्या खोबणीत सरळ उतरवा आणि दोन्ही अंगठे दोन टोकांवर ठेवून सारखाच दाब द्या. दोन्ही लॅच आपोआप मिटले पाहिजेत. बोटाने लॅच ओढून स्टिक खाली खेचू नका. त्याने एक टोक अर्धवट राहते. जोर बऱ्यापैकी लागतो, पण बोर्ड वाकताना दिसला तर थांबा आणि खाच पुन्हा पाहा. सोनेरी पट्टीला बोट लावू नये. लागलेच तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सुटणारे कापड वापरून पुसा.

सगळ्या बसल्यावर विजेरीचा झोत आडवा टाकून डोळ्यांच्या पातळीवरून पाहा. एखादी स्टिक शेजारणीपेक्षा अर्धा मिलिमीटर जरी वर दिसली तरी ती पुरती बसलेली नाही. रिकाम्या स्लॉटमध्ये प्लॅस्टिकच्या डमी पट्ट्या होत्या तर त्या परत लावा. हवा सोपी वाट धरते, आणि मोकळ्या जागेतून निघून गेली की भरलेल्या स्टिक तापतात. वाराआवरणही त्याच कारणाने खाली पुरते बसायला हवे.

पहिल्यांदा सुरू करताना

वायरी जोडल्यावर बीएमसी जागा व्हायला दोनेक मिनिटे घेतो. मग पॉवर द्या. पंखे पूर्ण जोरात फिरतात, स्क्रीन काळी राहते आणि मिनिटे जात राहतात. या वेळात प्रोसेसर प्रत्येक चॅनेलसाठी सिग्नलची वेळ जुळवत असतो, याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. क्षमता मोठी असेल आणि विशेषतः डीडीआर५ असेल तर यात पाच-दहा मिनिटे सहज जातात. घाबरून पॉवर तोडू नका. प्रगती बीएमसीच्या पोस्ट कोडवरून (सुरू होण्याचा टप्पा दाखवणाऱ्या आकड्यावरून) कळते. मेमरी बदलल्याची सूचना येऊन एखादी कळ दाबायला सांगितली जाते, ती दाबून बायोसमध्ये जा.

तिथे पाहायचे: एकूण क्षमता, प्रत्यक्ष वेग, प्रत्येक स्लॉटची नोंद आणि मेमरीचा मोड. मिररिंग चालू असेल तर ५१२ बसवून २५६ च दिसतात, कारण निम्मी मेमरी प्रतीसाठी जाते. तो दोष नाही, कुणीतरी केलेली निवड आहे. ती हवी आहे का ते ठरवा. ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आल्यावर दोन्ही न्यूमा नोडांवर (प्रत्येक प्रोसेसर आणि त्याची स्वतःची मेमरी मिळून एक नोड) मेमरी सारखी दिसते का पाहा. एकूण आकडा थोडा कमी दिसेल, तेवढे फर्मवेअर आणि कर्नल राखून ठेवतात.

मग चाचणी. कंपनीचे अंगभूत डायग्नोस्टिक किंवा मेमटेस्ट८६+ ची किमान एक पूर्ण फेरी करा. शेकडो जीबींना ती कित्येक तास घेते, म्हणून रात्रीची वेळ आधीच मागून ठेवा. फेरीनंतर बीएमसीचा लॉग उघडा. ईसीसी मेमरीत एक बिटाची चूक गुपचूप दुरुस्त होते, त्यामुळे चाचणी ‘उत्तीर्ण’ म्हणते आणि लॉगमध्ये दुरुस्त्यांची रांग लागलेली असते. लॉग पाहिल्याशिवाय सर्व्हर कामाला लावू नये.

बिघाड दिसला तर

एकूण क्षमता एका स्टिकएवढी कमी असेल तर ती बहुधा पुरती बसलेली नसते. काढून पुन्हा बसवा. तरी तसेच असेल तर ती स्टिक चालू असलेल्या एखाद्या स्टिकशी बदला. दोष स्टिकबरोबर गेला तर स्टिक खराब. दोष स्लॉटपाशीच राहिला तर स्लॉट किंवा प्रोसेसरची जोडणी. अख्खा चॅनेलच गायब असेल तर प्रोसेसरच्या सॉकेटमधली वाकलेली पिन किंवा असमान कसलेला हीटसिंक, या दोन गोष्टी आधी पाहा.

मशीन सुरूच होत नसेल तर सगळ्या काढा आणि मॅन्युअल सांगते त्या पहिल्या स्लॉटमध्ये एकच स्टिक ठेवून पाहा. सुरू झाले की चार-चार वाढवत जा. एकेक लावत बसलात तर ३२ स्टिकांना अख्खा दिवस जाईल.

एकाच स्टिकवर दुरुस्त झालेल्या चुका वाढत असतील तर लगेच टाकून देऊ नका. डीडीआर४ आणि डीडीआर५ चिपांत राखीव ओळी असतात आणि अनेक सर्व्हर पुढच्या रीबूटला खराब ओळीच्या जागी राखीव ओळ जोडून घेतात. एकदा रीबूट करा. त्यानंतरही त्याच स्टिकवर चुका येत राहिल्या तर बदला. दुरुस्त न होणारी चूक एकदा जरी आली तरी ती स्टिक काढलीच पाहिजे.

पंखे कायम जोरात राहिले तर वाराआवरण आधी तपासा, नंतर बीएमसीतले तापमान.

मेमरी मिळाली, पण सॉफ्टवेअरला सांगितले का?

अनेक प्रोग्रॅम नवी मेमरी आपणहून घेत नाहीत. मायएसक्यूएलचा इनोडीबी बफर पूल, पोस्टग्रेसचे शेअर्ड बफर, एसक्यूएल सर्व्हरची कमाल मेमरी हे आकडे हाताने बदलावे लागतात. एसक्यूएल सर्व्हर २०२२ ची स्टँडर्ड आवृत्ती एका इन्स्टन्समागे बफर पूलसाठी १२८ जीबीच वापरते. त्या एकाच कामासाठी ५१२ घेतले असतील तर बरीच मेमरी नुसती बसून राहील. जावाचा हीप (प्रोग्रॅमच्या डेटासाठीची मेमरी) ३२ जीबीच्या पुढे नेला की पॉइंटर ४ ऐवजी ८ बाइटचे होतात, त्यामुळे ३१ वरून ३६ वर जाणे बहुधा तोट्याचे ठरते. एक तर ३१ वरच थांबा किंवा बरेच पुढे जा.

लिनक्सवर डर्टी रेशो (डिस्कवर लिहायचा राहिलेला डेटा मेमरीत किती साठू द्यायचा त्याची मर्यादा) टक्क्यांत असतो आणि सर्वसाधारण मूल्य २० आहे. ५१२ जीबीच्या मशीनवर याचा अर्थ डिस्कवर न गेलेला शंभरेक जीबी डेटा साठू शकतो आणि मग तो एकदम लिहिताना सगळे थिजते. तिथे टक्क्यांऐवजी ठरावीक बाइटची मर्यादा द्या. विंडोजवर पेजफाइल आपोआप वाढून सिस्टिम ड्राइव्ह भरत नाही ना ते पाहा. व्हीएमवेअरमध्ये व्हर्च्युअल मशीनला मेमरी वाढवून दिली की राखीव नसलेल्या भागाएवढी स्वॅप फाइल डेटास्टोअरवर तयार होते, तेवढी जागा आधी मोकळी हवी.

शेवटी प्रत्येक स्लॉटसमोर स्टिकचा पार्ट नंबर, सीरियल नंबर आणि बसवल्याची तारीख लिहून ठेवा. सुरुवातीचा महिनाभर दर आठवड्याला ईसीसीच्या नोंदी पाहा, कारण सदोष स्टिक पुष्कळदा सुरुवातीच्या दिवसांतच उघडी पडते आणि बदलून मिळण्याची मुदतही तेव्हाच चालू असते. काढलेल्या जुन्या स्टिक ट्रेमध्ये, कोणत्या मशीनमधून निघाल्या त्या चिठ्ठीसह ठेवा. तशाच दुसऱ्या सर्व्हरची एखादी स्टिक गेली तर त्या लगेच उपयोगी पडतील.